होम लोनसाठी बँक कशी शोधायची आणि खरा खर्च किती येतो: 50 लाखांच्या फ्लॅटचा पूर्ण हिशोब

माझ्या मावसभावाने 2021 च्या दिवाळीत 30 लाखांचं होम लोन घेतलं. दर पावणेसात टक्के, मुदत 20 वर्षं, हप्ता 22,811. एवढा कमी दर मिळाला म्हणून घरात सगळे खुश, पेपर कोणी वाचलेच नाहीत, मी तर सह्यांच्या दिवशी त्याच्या शेजारी बसलो होतो आणि मीही वाचले नाहीत. मे 2022 पासून आरबीआयने रेपो रेट (ज्या दराने ती बँकांना पैसे देते तो) वाढवायला घेतला, फेब्रुवारी 2023 पर्यंत तो 4 वरून साडेसहावर गेला, याचं लोन रेपोला जोडलेलं, त्यामुळे दर सव्वानऊ झाला. हप्ता मात्र तेवढाच कापला जायचा म्हणून त्याच्या लक्षातच आलं नाही. 2023 च्या उन्हाळ्यात त्याने पहिल्यांदा स्टेटमेंट काढून मला दाखवलं तर बाकी 29 लाख 20 हजार, त्या महिन्याचं व्याज 22,508 आणि मुद्दलाच्या रकान्यात 303 रुपये. बावीस हजार आठशे भरले आणि कर्ज उतरलं तीनशे. ते बघून तो बराच वेळ काही बोललाच नाही.

त्यानंतर घरातल्या आणि ओळखीतल्या बऱ्याच जणांच्या फायली मी सोबत बसून केल्या, कागद एकेक करून वाचले. त्यातून जे कळलं ते इथे क्रमाने लिहितोय. उदाहरणाला पुण्यातला 50 लाखांचा रीसेल फ्लॅट आणि 40 लाखांचं लोन धरलंय, तुमचे आकडे वेगळे असतील पण पद्धत तीच.

बँकेत जायच्या आधी हातातले पैसे मोजा

बहुतेक लोक "80 टक्के लोन मिळतं म्हणजे 10 लाख असले की झालं" असं धरून चालतात आणि इथेच फसतात. आरबीआयचा नियम असा की 30 लाखांपर्यंतच्या लोनला घराच्या किमतीच्या 90 टक्क्यांपर्यंत, 30 ते 75 लाखांना 80 टक्क्यांपर्यंत आणि 75 च्या वर 75 टक्क्यांपर्यंत. आणि ही किंमत धरताना स्टॅम्प ड्युटी, रजिस्ट्रेशन त्यात मोजत नाहीत (फक्त 10 लाखांपर्यंतच्या घराला सूट आहे). म्हणजे ते सगळं तुमच्या खिशातून.

आता पुणे मनपा हद्दीत स्टॅम्प ड्युटी एलबीटी (मनपाचा स्थानिक कर) आणि मेट्रोचा सेस धरून 7 टक्के, म्हणजे 50 लाखांवर साडेतीन लाख. रजिस्ट्रेशन 1 टक्का पण जास्तीत जास्त 30 हजार. सोसायटीचं ट्रान्सफर प्रीमियम जास्तीत जास्त 25 हजार, त्याच्यावर "डोनेशन" म्हणून कोणी मागितलं तर उपविधी दाखवा. बँकेचे सगळे चार्जेस मिळून 30-40 हजार धरा. ब्रोकर असेल तर त्याचं एक-दोन टक्के वेगळं. मार्जिनचे (किमतीतला लोनशिवायचा आपला वाटा) 10 लाख धरून बेरीज केली तर साडेचौदा-पंधरा लाखांच्या घरात जाते. ही रक्कम खात्यात नसेल तर टोकन देऊ नका, मागून पर्सनल लोन काढून मार्जिन भरणारे मी बघितलेत, त्यांचे दोन हप्ते एकत्र चालू होतात आणि पहिलं वर्षच सगळ्यात अवघड जातं.

एक गोष्ट बऱ्याच घरांत माहीतच नसते. फ्लॅट फक्त बाईच्या नावावर घेतला तर महाराष्ट्रात स्टॅम्प ड्युटीत 1 टक्का सवलत आहे, 50 लाखांवर सरळ 50 हजार वाचतात. नवरा-बायको दोघांच्या नावावर घेतला की सवलत जाते. नवरा मालक नसला तरी लोनमधे सहकर्जदार राहू शकतो, त्यामुळे त्याचा पगार धरून लोन बसतं. फक्त मालकी नसेल तर त्याला व्याजाची टॅक्समधली वजावट मिळत नाही, हे दोन्ही समोर ठेवून ठरवा. ती वजावट तरी स्वतः राहायच्या घराला जुन्या टॅक्स रेजीममधेच आहे, वर्षाला 2 लाखांपर्यंत. नव्या रेजीममधे असाल तर तो मुद्दाच संपला, मग 50 हजार का सोडायचे?

वर्षाचं उत्पन्न 9 लाखांच्या आत, घर 35 लाखांपर्यंतचं, लोन 25 लाखांपर्यंतचं आणि नावावर कुठेच पक्कं घर नाही असं असेल तर प्रधानमंत्री आवास योजना शहरी 2.0 मधली व्याज सबसिडी विचारा, पाच हप्त्यांत मिळून जास्तीत जास्त 1 लाख 80 हजार मिळतात. बँकेचा माणूस स्वतःहून सांगेल याची वाट बघू नका.

सिबिल आधी स्वतः काढा

प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून (कर्जफेडीची नोंद ठेवणारी कंपनी, सिबिल त्यातलीच एक) वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. अर्ज करायच्या दोन-तीन महिने आधी काढा, कारण जुनं बंद केलेलं क्रेडिट कार्ड "चालू" दिसणं, कोणाला तरी जामीन राहिलेलं लोन आपणच घेतल्यासारखं दिसणं असल्या चुका निघतात आणि दुरुस्तीला वेळ लागतो. साडेसातशेच्या वर स्कोअर असेल तर चांगला दर मागायला तोंड राहतं. आणि एजंटला "बघा कुठे होतंय ते" म्हणून फाइल देऊ नका, तो एकाच आठवड्यात पाच बँकांत लॉगिन करतो, प्रत्येक बँक तुमचं सिबिल खेचते, स्कोअर खाली येतो आणि पुढच्या बँकेला तुम्ही गरजू दिसता. दोन बँका निवडा, फार तर तीन.

कुठली बँक

सरकारी बँका (स्टेट बँक, महाराष्ट्र बँक वगैरे), प्रायव्हेट बँका, हाउसिंग फायनान्स कंपन्या आणि आपल्याकडच्या नागरी सहकारी बँका असे चार दरवाजे आहेत. लोक यांची तुलना फक्त दरावर करतात. त्याच्या आधी एक प्रश्न विचारायला हवा, की दर कशाला जोडलेला आहे?

1 ऑक्टोबर 2019 पासून बँकांना नवीन फ्लोटिंग होम लोन बाहेरच्या बेंचमार्कला जोडावं लागतं, बहुतेक जणी रेपो धरतात. दर म्हणजे रेपो अधिक स्प्रेड (बँक त्यावर लावते ती टक्केवारी), आणि तीन महिन्यांतून किमान एकदा रीसेट. रेपो वाढला की दर वाढतो हे मावसभावाच्या बाबतीत बघितलंच, पण उतरताना पण उतरतो, 2025 मधे फेब्रुवारी ते जून या काळात रेपो साडेसहावरून साडेपाचवर आला तेव्हा त्याचाही दर उतरला. हाउसिंग फायनान्स कंपन्यांना हा नियम लागू नाही, त्या स्वतःचा पीएलआर (त्यांचा मूळ दर) ठरवतात, तो कधी आणि किती उतरवायचा ते त्यांच्या हातात. सहकारी बँकांचंही तसंच. म्हणजे आज पाव टक्का स्वस्त दिसणारं लोन तीन वर्षांनी स्वस्त राहीलच असं नाही.

मग फायनान्स कंपनीकडे किंवा सहकारी बँकेकडे जायचंच नाही का? तसं अजिबात नाही. ज्याचा धंदा आहे, रिटर्नवर उत्पन्न कमी दिसतं, पण दुकानाची उलाढाल त्याच्या शाखेला दहा वर्षं दिसतेय, त्याला सहकारी बँक उभं करते आणि मोठी बँक दारातून परत पाठवते. कॉसमॉस 1906 पासून पुण्यात आहे, सारस्वत 1918 पासून मुंबईत, अशा बँकांत शाखेतला माणूस कधी कधी तुमची बिल्डिंग, तुमचा बिल्डर नावाने ओळखतो. जुन्या पेठेतल्या किंवा गावठाणातल्या घराचे कागद समजून घ्यायची तयारीही तिथे जास्त दिसते. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. कर्ज घ्यायला सभासद व्हावं लागतं आणि तारणी कर्जाच्या अडीच टक्क्यांपर्यंत शेअर्स घ्यायला लावतात, 40 लाखांवर ते 1 लाख होतात. पैसे तुमचेच राहतात पण अडकतात, म्हणून ते मार्जिनच्या हिशोबात आधीच धरा. दुसरं, छोट्या सहकारी बँकांना एका माणसाला 60 लाखांच्या वर गृहकर्ज देता येत नाही.

नोकरदार असाल, कागद सरळ असतील, तर माझं मत स्पष्ट आहे, जिथे पगार जमा होतो ती बँक आणि एक सरकारी बँक, या दोघींकडे आधी जा. सरकारी बँकेत वेळ लागतो, अर्ज शाखेत आणि निर्णय प्रोसेसिंग सेंटरला, दोन-चार चकरा होतात, पण छुपे चार्जेस कमी निघतात असा माझा अनुभव आहे. विक्रेत्याबरोबर करार करताना म्हणूनच 60 दिवसांची मुदत लिहून घ्या, 30 दिवसांत अडकल्यासारखं होतं.

बिल्डर सांगेल "आमच्या टाय-अपमधूनच घ्या". नवीन प्रोजेक्ट बँकेच्या मंजूर यादीत असणं ही सोय आहे, कायदेशीर तपासणी लवकर होते. पण त्याच बँकेतून घ्यायची सक्ती नाही. महारेराच्या साइटवर प्रोजेक्ट स्वतः बघा, आणि करार रजिस्टर व्हायच्या आधी 10 टक्क्यांपेक्षा जास्त पैसे बिल्डरला घेता येत नाहीत हे विसरू नका.

तोंडी बोलण्यावर काही धरू नका, केएफएस मागा

1 ऑक्टोबर 2024 पासून प्रत्येक रिटेल कर्जाला की फॅक्ट स्टेटमेंट द्यावंच लागतं. त्यात दर, हप्ता, सगळे चार्जेस आणि एपीआर असतो, म्हणजे सगळा खर्च धरून वर्षाचा खरा दर. दोन बँकांची तुलना करायची तर जाहिरातीतल्या दराची नका करू, एपीआरची करा, रक्कम आणि मुदत दोन्हीकडे सारखी सांगून. कर्जदाराला समजेल त्या भाषेत ते द्यायला हवं असा नियम आहे, तेव्हा मराठीत मागायला लाजू नका. त्यातल्या अटी कमीत कमी तीन कामाचे दिवस बदलता येत नाहीत, म्हणजे घरी नेऊन वाचायला वेळ मिळतो. आणि त्यात न लिहिलेला चार्ज नंतर तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही.

काउंटरवर मी हे प्रश्न विचारतो आणि उत्तरं ईमेलवर मागतो: स्प्रेड किती, तो कधी बदलू शकतो, रेपो तेवढाच असताना पुढे नवीन ग्राहकाला कमी दर दिलात तर मला त्या दरावर यायला किती फी, प्रोसेसिंग फी नामंजूर झाल्यावर परत मिळते का, लीगल आणि व्हॅल्युएशन त्यातच का वेगळं. प्रोसेसिंग फीवर 18 टक्के जीएसटी लागतो तो सांगायचा राहून जातो. सणासुदीला फी माफ असते पण लीगल-व्हॅल्युएशनचे पैसे तरीही घेतात. महाराष्ट्रात घराचे कागद बँकेकडे तारण ठेवले की 30 दिवसांत नोटीस ऑफ इंटिमेशन (तारणाची सरकारी नोंद) फाइल करावी लागते, त्याची आणि तारणाची स्टॅम्प ड्युटी असे काही हजार कर्जदारालाच भरायचे असतात.

आता इन्शुरन्स. इथे सगळ्यात जास्त पैसे जातात म्हणून थांबून सांगतो. मंजुरीच्या दिवशी सह्यांच्या गठ्ठ्यात लोन प्रोटेक्शन पॉलिसीचा फॉर्म असतो, एकरकमी प्रीमियम, समजा 1 लाख 20 हजार, आणि "आत्ता काही भरायचं नाही, लोनमधेच टाकतो" असं सांगतात. साडेआठ टक्क्याने 20 वर्षांत त्या 1 लाख 20 हजारांचा हप्ताच महिन्याला 1,041 बसतो, एकूण जवळजवळ अडीच लाख. त्यांच्याचकडून पॉलिसी घ्या अशी सक्ती बँकेला करता येत नाही. कर्ज डोक्यावर असताना विमा हवाच, त्यात वादच नाही, पण साधी टर्म पॉलिसी बाहेरून घ्या, बँक बदलली तरी ती तुमच्याबरोबर येते आणि कव्हर कर्जाबरोबर घटत नाही. घराचा आगीचा वगैरे विमा वेगळा, तो बँक मागते आणि घ्यावा पण, तो फार महाग नसतो.

मुदत आणि हप्त्याचं गणित

40 लाख, साडेआठ टक्के. 20 वर्षांना हप्ता 34,713, एकूण व्याज 43 लाखांच्या वर. 30 वर्षांना हप्ता 30,757, म्हणजे महिन्याला चारच हजार कमी, आणि व्याज जातं जवळपास 71 लाखांवर. 15 वर्षांना हप्ता 39,390 आणि व्याज 31 लाखांच्या आत. चार हजारांसाठी 27 लाख जास्त, हे मी ज्याला ज्याला कागदावर लिहून दाखवलं त्याने मुदत कमी केली. दरातला अर्धा टक्का 20 वर्षांत 3 लाखांचा फरक पाडतो, मुदत त्याच्या कितीतरी पट, आणि लोक भांडतात ते दरासाठी.

बँक साधारण पगाराच्या निम्म्यापर्यंत सगळे हप्ते मिळून बसवते. तेवढं मिळतं म्हणून घेऊ नका, हातात येणाऱ्या पगाराच्या 35-40 टक्क्यांत हप्ता बसला तर मुलांची फी आणि आईवडिलांचा दवाखाना निघतो.

कागद आणि रीसेल व्यवहार

बँकेचा वकील 30 वर्षांचा सर्च (मालकीच्या जुन्या नोंदींचा शोध) काढतो, तो बँकेसाठी असतो. स्वतःचा वकील वेगळा लावा, 50 लाखांच्या व्यवहारात हा खर्च वाचवायचा नसतो. आधीच्या सगळ्या करारांची साखळी, इंडेक्स टू (रजिस्टर झालेल्या कराराचा सरकारी उतारा), भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि एनओसी, या क्रमाने बघा. भोगवटा नसेल तर बऱ्याच बँका तिथेच थांबतात, आणि ज्या देतात त्या जास्त दराने देतात. करारातली किंमत आणि बँकेच्या व्हॅल्युअरने काढलेली किंमत यातली जी कमी त्यावर लोन बसतं, म्हणून टोकनच्या पावतीत "अपेक्षित लोन मंजूर न झाल्यास टोकन परत" हे वाक्य टाकून घ्या.

विक्रेत्याचं लोन चालू असेल तर त्याच्या बँकेकडून फोरक्लोजर लेटर (लोन बंद करायला किती भरायचं त्याचं पत्र) आणि मूळ कागदांची यादी लेखी घ्या, तुमची बँक चेक थेट त्याच्या बँकेच्या नावाने काढते, उरलेला विक्रेत्याला. मार्जिनचे पैसे चेकने किंवा ट्रान्सफरनेच द्या कारण बँक त्याची पावती, ओसीआर म्हणतात तिला, मागते. रोख दिलेला पैसा कुठेच दिसत नाही. किंमत 50 लाख किंवा जास्त असेल तर 1 टक्का टीडीएस विक्रेत्याच्या पैशातून कापून सरकारकडे भरायची जबाबदारी खरेदीदाराची आहे, आपल्या उदाहरणात 50 हजार. विक्रेता एनआरआय असेल तर टीडीएसचे नियम वेगळे आणि दर खूप जास्त, तिथे सीए गाठाच.

बांधकाम चालू असलेला फ्लॅट असेल तर त्यावर 5 टक्के जीएसटी (परवडणाऱ्या घरांना 1 टक्का), पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या फ्लॅटला नाही. आणि लोन टप्प्याटप्प्याने सुटतं तोवर फक्त प्री-ईएमआय म्हणजे नुसतं व्याज भरायचा पर्याय देतात, त्यात मुद्दल एक रुपया कमी होत नाही, झेपत असेल तर पूर्ण हप्ता पहिल्यापासून चालू करा.

लोन सुरू झाल्यावर

मावसभावाची चूक दर वाढण्याची नव्हती, ते त्याच्या हातात नव्हतंच. दीड वर्ष स्टेटमेंट उघडलं नाही ही होती. ऑगस्ट 2023 मधे आरबीआयने नियम केला की दर बदलला की हप्ता वाढवायचा की मुदत हे कर्जदाराला विचारायला हवं, आणि दर तिमाहीला किती मुद्दल गेलं, किती व्याज, किती हप्ते उरले हे कळवायला हवं. ते पत्र आलं की "उरलेले हप्ते" हा एक आकडा बघा. एका वर्षानंतर तो 12 ने कमी झालेला नसेल तर बँकेला लेखी सांगून हप्ता वाढवून घ्या.

आपल्या नावावरच्या फ्लोटिंग होम लोनला आधी पैसे भरले म्हणून दंड लावता येत नाही. वर्षाला एक हप्ता जास्त भरला तरी वरच्या उदाहरणातलं 20 वर्षांचं लोन तीन वर्षांहून जास्त आधी संपतं. भरताना "मुदत कमी करा, हप्ता तोच ठेवा" असं लिहून द्या. नवीन ग्राहकाला तुमच्यापेक्षा अर्धा टक्का कमी दर मिळत असेल तर आधी आपल्याच बँकेत कन्व्हर्जन (त्या कमी दरावर येणं) मागा, थोडी फी भरून होतं, नाही म्हणाले तर बॅलन्स ट्रान्सफर, म्हणजे लोन दुसऱ्या बँकेत नेणं, पण त्यात प्रोसेसिंग, लीगल, नोटीस परत आलं म्हणून दहा-बारा वर्षं बाकी असतील तरच परवडतं. मावसभावाने कन्व्हर्जन केलं, हप्ता साडेपाच हजारांनी वाढवला आणि दिवाळीचा बोनस दोनदा मुद्दलात टाकला. आता त्याचा मुद्दलाचा रकाना पाच आकडी दिसतो.

बँक ऐकतच नसेल तर आधी तिच्याकडे लेखी तक्रार, 30 दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर आरबीआयच्या लोकपालाकडे, फी नाही, वकील लागत नाही, माहितीला 14448 हा नंबर आहे. हाउसिंग फायनान्स कंपनीची तक्रार नॅशनल हाउसिंग बँकेकडे करता येते.

शेवटचा हप्ता गेल्यावर काम संपलं असं समजून लोक कागद आणायलाच जात नाहीत. सगळी बाकी फिटल्यापासून 30 दिवसांत मूळ कागद परत मिळायला हवेत, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला 5 हजार रुपये भरपाई, हा नियम 1 डिसेंबर 2023 पासून आहे. लोन घेताना कागद जमा केल्याची यादी मिळते, ती जपून ठेवा आणि त्या यादीवर टिक करत एकेक कागद हातात घ्या. नो ड्यूज घ्या, तारणाची नोंद काढून घ्या, सोसायटीत बँकेचा बोजा नोंदवला असेल तर तो कमी करायचं पत्र द्या, आणि महिन्या-दोन महिन्यांनी सिबिल काढून लोन "बंद" दिसतंय का ते बघा.